शिवणीत राखलेलं कापड

शर्टाचं तिसरं बटण काजापर्यंत येत होतं आणि तिथेच अडत होतं... अर्ध्या बोटाचं अंतर, तेवढंच, पण हट्टी. तिने दोन्ही बाजू ओढून पाहिल्या. नवऱ्याने पोट आत घेतलं.

"अगं, बटण तुटेल."

"तुटू दे, पुन्हा मीच लावणार आहे ना! तुम्ही आधी गप्प उभे राहा बघू."

शर्ट तिनेच परवा शिवणीत आत घेतला होता, आणि तोही माप न घेता. जन्मभर गिऱ्हाइकांना हात वर करा, ताठ उभ्या राहा म्हणत आलेली ती; टेप लावल्याशिवाय तिने कधी कुणाच्या कापडाला कात्री लावली नाही. पण याच्या शर्टाला टेप कशाला? फुप्फुसातली गाठ सापडल्यापासून तो उतरतच चालला होता — म्हणून या खेपेला तिने अंदाजाने दोन बोटं जास्तच घेतली, पुढच्या इंजेक्शनापर्यंत पुन्हा बघायला नको. म्हणजे मी... मी याच्या पुढच्या महिन्यातल्या हाडांना शर्ट शिवला. शहाणीच की मी!

पण ही सूज असली तर? ती खाली वाकली, घोट्यावर अंगठा दाबून धरला, उचलला. खळगा पडला नाही.

"काय शोधतेस?"

"मोजा वर ओढतेय. उतरवा तो शर्ट."

तो बनियनवर बसून बिनसाखरेचा चहा प्यायला लागला, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत, आणि ती खिडकीशी टाके उसवू लागली. आतलं जादा कापड तिने कापलं नव्हतं. कधीच कापत नाही ती. पण या वेळी ते राखलं ते सवयीने की आशेने, हे तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, हे औषध गाठीवर तुटून पडत नाही, तुमच्याच अंगातल्या पहारेकऱ्यांना जागं करतं. मधुमेह असला की काही जणांना गुण कमी येतो असं दिसतंय; सगळ्यांना नाही, आणि का, तेही अजून पक्कं कळलेलं नाही. यावर हा, आयुष्यभर बस चालवलेला माणूस, म्हणाला होता, "म्हणजे पहारेकरी गोड खाऊन पेंगलेत म्हणा!" डॉक्टरीणबाई हसल्या. "साखर ताब्यात ठेवणं आपल्या हातात आहे, तेवढं करू." आपल्या हातात — एवढेच दोन शब्द तिने पदरात बांधून घेतले. तेव्हापासून जेवण झालं की ती मशीन बंद करते आणि त्याच्याबरोबर रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जाते. तो कुरकुरतो, मग बसच्या जुन्या गमती सांगतो, मग दम लागतो म्हणून दोघं कुणाच्या तरी कुंपणाला टेकतात. किती वर्षांनी अशी दोघं टेकलो... आजारपणात असं सुख वाटून घ्यावं का? वाटतं खरं. काय करणार!

दवाखान्यात नर्सने त्याला काट्यावर उभं केलं. "काका, वजन वाढलंय हं. साखरही छान आहे."

"हिच्या धाकाने," तो म्हणाला.

गाठीचा स्कॅन सकाळीच झाला होता. काय ते डॉक्टरीणबाई येऊन सांगणार होत्या. औषध नळीतून थेंब थेंब उतरत होतं. त्याचा मोकळा हात खुर्चीच्या दांड्यावर, शर्टाची सगळी बटणं लागलेली. कळेल ते कळेल. गाठ वाढली असेल, थांबली असेल... तिने पर्समधून टेप काढली आणि पुढे वाकून त्याच्या छातीभोवती फिरवली. त्याने लगेच छाती फुगवली.

"फुगवू नका हो, माप चुकतं."

"मग कसा बसू?"

"आहात तसे."

त्याने श्वास सोडला, घेतला. टेप तिच्या बोटांखाली सैल झाली, ताणली, सैल झाली. आजवर तिने त्याचा श्वास असा हातात धरून कधी पाहिला नव्हता. दूर कुठलंसं दार उघडलं, पावलं याच बाजूला येऊ लागली; तिने मान वर केली नाही.

"नवा शर्ट शिवतेय. सैल किती ठेवू?"

"मला काय विचारतेस? तू ठरव."

गिऱ्हाइकांसाठी ती टेपेखाली दोन बोटं घालते. तिने दोन घातली, थांबली, आणि मग तिसरंही सरकवलं.