आईचा ॲम्प्लिफायर

टेबलावर किटचे सदतीस सुटे भाग होते. सूचनापत्रात छत्तीस लिहिले होते. एक रेझिस्टर जास्त आला होता. त्याशिवाय बंद पडलेल्या इन्व्हर्टरमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर, टेपरेकॉर्डरचा खोक्यासकट एक स्पीकर, मोडलेल्या शिलाईच्या टेबलाची फळी, पातेल्याचं कापलेलं बूड आणि कोटाचं एक मोठं काळं बटण.

"हा ॲम्प्लिफायर आहे की स्वयंपाकघराचं पोस्टमॉर्टेम?" मामानं विचारलं.

"पातेलं गळकं होतं. चिप तापते, तिची उष्णता पसरवायला जाड ॲल्युमिनियम लागतं."

"आणि ताईला विचारलंस का, शास्त्रज्ञबाई?"

"तिनंच दिलं. बटणसुद्धा. आवाज कमीजास्त करायला."

आई कपडे शिवते. मशीनशेजारी तिचा रेडिओ असतो. गेलं वर्षभर तिची एकच तक्रार होती, "या रेडिओचा घसा बसलाय गं." मी तो उघडून पाहिला होता. दोष सापडला नाही. स्पीकर लहान आहे, मशीनच्या खडखडाटात पुरत नसेल, असा निष्कर्ष मी काढला. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की ती उखडायची. "कान शाबूत आहेत माझे. यंत्र बदल." म्हणून मी यंत्र बदलत होते.

दुपारपर्यंत सोल्डरिंग संपलं. बूड फळीवर उभं बसवलं, त्यावर चिप आवळली. मी स्विच दाबला. हिरवा दिवा लागला.

"धूर नाही!" मामा म्हणाला. "म्हणजे निम्मी लढाई जिंकलीस. ताई, ये, ये!"

आई मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून आली आणि स्टुलावर बसली. मी हसून तिच्याकडे पाहिलं आणि गाणं लावायला मोबाइल उचलला.

आईनं डोळे मिटले. तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली.

"वा! काय मोकळा आवाज आहे गं. त्या डबड्यात हे कुठलं यायला!"

मोबाइलची वायर माझ्या हातात होती. ती अजून कुठेच जोडली नव्हती.

मी मामाकडे पाहिलं. तो टेबलावरचे सोल्डरचे कण नखानं गोळा करू लागला.

"मामा, तुला माहीत होतं?"

"ओठ वाचते ती," तो हळूच म्हणाला. त्याला आवाज खाली आणायची गरज नव्हती. "तुला कळू द्यायचं नाही म्हणाली. पोरगी माझ्यापायी नोकरी सोडून घरी बसेल म्हणाली."

बोटांचा ठेका चालूच होता. मी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं डोळे उघडले.

"आई, वायर जोडायची राहिलीय."

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, मग वायरीकडे. गळ्यातली टेप काढून ती बोटाभोवती गुंडाळू लागली.

"तुझ्या तोंडावरून वाटलं, वाजतंय," ती म्हणाली.

टेप गुंडाळून संपली. शेवटी तीच म्हणाली, "आता तू मोजल्याशिवाय राहणार नाहीस. मोज."

"ऐकू आलं की बोट वर कर. आणि तोंड भिंतीकडे कर. माझ्याकडे बघायचं नाही."

"बघत नाही गं बाई."

ती भिंतीकडे वळून बसली. मी वायर जोडली, स्पीकर तिच्यापासून एक मीटरवर ठेवला, त्याच्या दोन टोकांना व्होल्ट मोजायचा मीटर लावला आणि मोबाइलवरून एकसुरी शिट्टी सोडली. साध्या बोलण्याइतक्या आवाजाला मीटर ०.१४ व्होल्ट दाखवत होता. तिथून मी हळूहळू वाढवत गेले. मामा कानांवर हात ठेवून दाराबाहेर गेला.

एक हजार हर्ट्झच्या सुराला, २.४ व्होल्टवर, तिचं बोट वर आलं. दोन हजारला, ६.१ वर. चार हजार हर्ट्झच्या सर्वांत बारीक सुराला मी आवाज शेवटपर्यंत वाढवला. मीटरवर ९.८ व्होल्ट होते. बोट वर आलं नाही.