एक पाऊलही नाही

"चेहरा जरा थकलेला कर, आई," बाळ्या मावशींच्या कानात कुजबुजला. "माणूस इकडेच बघतोय."

"थकलेलाच आहे की. आणखी किती करू?"

जहाजाच्या दाराशी भलीमोठी रांग उन्हात तापत उभी होती. ती सगळी बाजूला ठेवून पांढऱ्या गणवेशातला अधिकारी त्यांनाच खुणावत होता. "खुर्चीवाले आधी. या आजी, या."

"बघ," बाळ्या चाकाची खुर्ची ढकलत म्हणाला, "काय थाट आहे तुझा!"

सुनेनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो: मावशी, खुर्ची, मागे जहाज. खाली ओळ: *आईंची इच्छा पूर्ण!!*

मावशींची इच्छा वेगळी होती.

त्यांची उमेदीची सगळी वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात गेली, तीही उभ्यानं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. फरशी कायम ओली, पायांखाली कायम साबणाचं पाणी. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणायचे. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. निवृत्त झाल्या आणि कमरेनं दगा दिला. घरात खुर्ची आली. बाळ्यानं जहाजाच्या सहलीचं काढलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला समुद्रात उभं राहायचंय. कुणी उचलून नेऊन बसवायचं नाही. उभं."

आणि ओट्याला धरून त्यांनी सराव सुरू केला. आधी नुसतं उभं राहणं, मग गॅसपासून फ्रिजपर्यंत, मग हात सोडून. पहिल्यांदा हात सोडून चालल्या तेव्हा बाळ्यानं टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याच आठवड्यात तो सहलीच्या कंपनीला फोनवर सांगत होता, "आईला एक पाऊलही टाकता येत नाही हो. अजिबात नाही."

कारण रुंद दारांची, बाल्कनीवाली मोठी खोली फक्त तशाच लोकांसाठी राखून ठेवलेली होती.

"खोटं बोललास?"

"खोटं कसलं त्यात? खुर्ची आहे ना घरात? आणि खोली घेतली कुणासाठी? तुझ्यासाठीच ना?"

ग्रुपवरचा दुसरा फोटो: निळं पाणी, कठडा, कठड्यावर सुनेचे रंगवलेल्या नखांचे पाय. *आईंची बाल्कनी!*

मावशींचा पलंग न्हाणीघराच्या दाराशी होता. "तुम्हाला ते जवळ बरं," सून म्हणाली होती. मग काचेचं दार ओढून घेत, "पडदा लावते हं आई, तुम्हाला ऊन लागेल," म्हणून स्वतः बाहेर जाऊन बसली होती.

बाळ्याला खुर्चीची चटक लागली. जेवणाच्या रांगेत तो खुर्चीचं नाक पुढे घालायचा, "जरा वाट द्या हो, पेशंट आहे." लिफ्टमधून माणसं आपण होऊन बाहेर पडायची. गाण्याच्या कार्यक्रमाला पहिली ओळ. खोलीचं दार लागलं की मावशी उठायच्या, पलंगाला वळसा घालून यायच्या, पाय मोकळे करायच्या. दार वाजलं की धप्पकन खुर्चीत.

सुनेला हसू आवरेना. "आई, तुम्ही नाटकात जायला हवं होतं."

"गेलेच आहे की. तिकीट तुम्हीच काढलंत."

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज बेटापासून लांबच थांबलं आणि कर्णा बोलू लागला.

*बेटाला धक्का नाही. लहान होड्यांनी जायचे आहे. लाटेमुळे चाकाच्या खुर्च्या होडीत उतरवता येणार नाहीत. ज्यांना चार पावलं स्वतः टाकता येतात त्यांना आमची माणसं हात देतील. किनाऱ्यावर वेगळ्या खुर्च्या तयार आहेत.*

मावशींनी बाळ्याकडे पाहिलं. बाळ्यानं कर्ण्याकडे पाहिलं.

"हे आधी सांगायला नको?" तो पुटपुटला.

होडीच्या दाराशी तोच अधिकारी होता. मागे पुन्हा रांग. त्यातले बरेच चेहरे आता ओळखीचे झाले होते. लिफ्टमधून बाहेर पडलेले, जेवणाच्या वेळी वाट दिलेले. अधिकारी मावशींसमोर गुडघ्यावर बसला.

"आजी, इथून होडीपर्यंत. चारच पावलं. मी धरतो ना." त्यानं दोन्ही हात पुढे केले.

मावशी उठतात. एक पाऊल टाकतात. दुसरं. होडी हलते, त्या हलत नाहीत. धुलाईघरातल्या निसरड्या फरशीवर ज्या कधी पडल्या नाहीत त्या इथे काय पडणार? मागे कुणीतरी म्हणतं, अरे, ह्या तर चालतात! आणि त्या मागे वळूनही बघत नाहीत.

असं झालं नाही.

"नाही हो," बाळ्या घाईघाईनं म्हणाला, "तिला एक पाऊलही नाही जमत." आणि आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. त्याचा चेहरा पडला.

"आजींनाच सांगू द्या," अधिकारी म्हणाला.

मावशी हळूच म्हणाल्या, "बाळ्या, सांगून टाक ना खरं काय ते."

"आता?" तो कानाशी वाकला. "सगळ्यांदेखत? रोज ह्याच माणसानं आपल्याला पुढे घेतलंय. काय तोंड दाखवू?"

सून मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. मागून एक बाई म्हणाली, "असू द्या हो, घाई नाही. बिचाऱ्या." ते 'बिचाऱ्या' अगदी मनापासून होतं. बाळ्याचे कान लाल झाले. चौथीत कॉपी करताना सापडला होता तेव्हा असेच झाले होते, आणि तेव्हाही मास्तरांपुढे मावशीच उभ्या राहिल्या होत्या.

समोर हात अजून पुढे होते. जाड, कामाचे हात.

"नाही येत," मावशी म्हणाल्या. "जीवच नाही मेल्या पायांत."

अधिकाऱ्यानं हात मागे घेतले.

"मी थांबतो मग तुझ्यापाशी," बाळ्या म्हणाला.

मावशींनी वाट पाहिली.

"म्हणजे… हिला एकटीला पाठवायचं म्हणजे…"

"जा रे."

तो गेला. जरा जास्तच लगबगीनं गेला.

"आई, शिंपले आणते हं तुम्हाला!" सुनेचा आवाज होडीतून आला.

थोड्या वेळानं मावशींच्या मांडीवरचा फोन थरथरला. बाळ्या आणि सून, गुडघाभर पाण्यात. *आईंच्या आशीर्वादाने! त्या बोटीवर मस्त आराम करताहेत.* खाली नातेवाइकांची रीघ. नशीबवान सासू. अशी मुलं सगळ्यांना मिळोत. पुतणीनं विचारलं होतं, काकूंना का नाही नेलं? तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

डेकवर कुणी नव्हतं. कठड्याची पांढरी भिंत नेमकी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी उंच होती. पलीकडून ओरडणं, हसणं, पाण्याचे धपाके ऐकू येत होते. दिसत होता फक्त पत्रा आणि त्याच्यावरचं आभाळ. बेट बघायचं तर उठायला हवं होतं.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. चाकं अडकवली. दोन्ही पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून खाली डेकवर टेकवले, हातांवर भार दिला आणि उठू लागल्या. डोळे कठड्याच्या वर आले. वाळूची एक पिवळी कड दिसली.

मागे दार सरकल्याचा आवाज झाला. त्या मटकन खाली बसल्या.

"काही हवंय का आजी?" अधिकारी होता.

"काही नाही. उशी सरकली होती."

"मला हाक मारायची ना." त्यानं उशी त्यांच्या पाठीशी नीट बसवली. मग त्याचं लक्ष खाली गेलं. तो वाकला, आणि काचेचं काहीतरी हाताळावं तसे त्यांचे पाय एकेक करून उचलून पायपट्टीवर ठेवू लागला.

मावशींनी ते जड सोडले.