टाकून दिलेले घोट

मुलाचं एक वागणं तिला बिलकुल खपत नसे. ती जेवायला बसली की तो समोर खुर्ची ओढून तिच्या गळ्याकडे टक लावून बसायचा. घास अडकला, डोळ्यांत पाणी आलं, पाठ ताठ करून तिने पुन्हा आवंढा गिळला, की हा उसासा टाकून म्हणणार, "आई, घाई नको ना." जणू तिच्या मागे कुणी लागलंय! वर्षभरात अंगावरचे कपडे लोंबायला लागले, तरी म्हणे घाई.

शेवटी त्याने तिला आपल्या दवाखान्यात नेलं. दवाखाना त्याचा नव्हे. तिथल्या गिळण्याच्या तपासणीचा कॉम्प्युटर प्रोग्राम तेवढा त्याने लिहिलेला. पण बोलायचा असा, की भिंतीही यानेच बांधल्या.

तपासणीवाल्या बाईने तिच्या नाकातून बारीक नळी पोटापर्यंत सरकवली, तिला आडवं केलं आणि चमचाभर पाणी तोंडात सोडलं. "एकदाच गिळायचं हं आजी. मग मी सांगेपर्यंत गिळायचं नाही."

"तुला सांगायला काय जातंय? नळी माझ्या नाकात आहे."

असे एकामागून एक घोट झाले. काही सरळ उतरले. बाकीच्या वेळी छातीत मूठ आवळल्यासारखं झालं, पाणी अर्ध्यावर थबकलं आणि तिने घरच्यासारखाच दुसरा आवंढा गिळून ते खाली ढकललं. नाहीतर काय, परक्या बाईसमोर ठसकत बसायचं?

नळी निघाली. पडद्यावर रंगीत पट्टे उमटले, खाली एक ओळ आली. ती वाचून मुलाचा चेहरा उजळला. "आई, सगळं नॉर्मल! अन्ननलिका ठणठणीत. आता एकदा मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. त्यात लाजायचं काही नाही."

आता घरात तिचा शब्द कुणी खरा धरणार नव्हतं. सून चांगली होती, पण तीही ताटात उरलेल्या जेवणाकडे बघून नुसती हसली असती. उपाशी मरायचं, आणि वर नाटकी म्हणवून घ्यायचं.

"माझे अडकलेले घोट दाखव," ती म्हणाली.

"ते धरलेच नाहीत. दोनदा गिळलं की घोट बाद. पेशंटने सूचना पाळली नाही, असं समजतो प्रोग्राम."

"कुणी शिकवलं त्याला?"

"मीच. नाहीतर चित्र खराब होतं, आई."

"अरे शहाण्या, अडकलं म्हणून तर दोनदा गिळलं! न अडकलेलेच तेवढे बघायचे, तर आजारी सापडणार कोण?"

तो हसायला गेला; हसू ओठांवरच विरलं. त्याने बाद घोट उघडले. तपासणीवाली बाई पुढे वाकली. दुसऱ्या आवंढ्याच्या आधीच, एरवी हळूहळू खाली सरकणारा दाबाचा पट्टा वरपासून खालपर्यंत एकदम लालभडक झाला होता.

"अन्ननलिका आवळतेय," ती बाई पुटपुटली. "डॉक्टरांना बोलावते." आणि लगबगीने बाहेर गेली.

"आई, असे किती जण नॉर्मल म्हणून घरी गेले असतील गं..." मुलगा डोळे पुसू लागला.

तिचा जीव कळवळला. हात त्याच्या डोक्याकडे गेला, पण तिने तो मागे घेतला.

"रडणं राहू दे. वर्षभर तुझ्यासमोर बसून सांगत होते, ते तू कानाआड केलंस, आणि मशीनलाही तेच शिकवलंस. आधी त्या माणसांना फोन लाव. माझी माफी नंतर माग, मी अजून आहे. त्यांच्यातलं कोण राहिलंय, ते बघ."