कमालभाईंचा सौद्याचा रुमाल

आमच्या वखारीच्या छपरात एकच काचेचे कौल आहे. सकाळ तेथूनच आत येते. प्रथम तो उजेड राखेसारखा असतो. हळूहळू त्याला वाळल्या गवताचा रंग चढतो. मग उन्हाचा एक लहानसा चौकोन रिकाम्या आंब्याच्या पेट्यांवर उतरतो, पेंढ्यावरून सरकतो, तराजूच्या पितळी पारड्यात क्षणभर विसावतो आणि चिऱ्याच्या भिंतीवर चढू लागतो. त्यात धुळीचे कण तरंगत असतात. त्यांना कोठेही जायची घाई नसते. सर्वांत शेवटी तो खुंटीपाशी येतो. तेथे मी टांगलेला असतो. माझ्या विटलेल्या तांबड्या चौकड्या थोडा वेळ उजळतात. माझी भोकेही त्याच वेळी दिसतात.

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. कोणत्या बंदरातल्या विणकराने मला विणले, हे मला ठाऊक नाही. कमालभाईंचे वडील जहाजावर खलाशी होते. त्यांनी मला रत्नागिरीला आणले आणि मुलाने आंब्याचा धंदा सुरू केला तेव्हा त्याच्या खांद्यावर टाकले. मी घाम पुसण्यासाठी नव्हतो. माझे काम भाव झाकण्याचे होते.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, हात पुढे करीत आणि त्या हातांवर मला पांघरीत. माझ्याखाली बोटे दाबली जात: दोन बोटे म्हणजे पेटीला दोनशे, चार म्हणजे चारशे. भोवती दहा जण उभे असले तरी कोणाला काही कळत नसे. दोघांनी माना डोलावल्या की सौदा पक्का होई. त्या काळोखाचा मी राखणदार होतो, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

कमालभाईंचे सर्वांत जुने गिऱ्हाईक भागोजी. मुंबईच्या बाजारात त्याचा गाळा होता. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची पहिली वाटी त्याची असे. पण १९९८च्या हंगामात त्याने दिलेले पैसे कमालभाईंना निम्मेच वाटले.

"चार दाबलीस तू!" कमालभाई गरजले.

"कमाल, देवाशपथ, दोनच दाबली रे मी. यंदा बाजार पडलाय."

"चोर हायस तू, भागोजी. माझी पायरी चढू नको."

भागोजी पुढच्या ईदला आला. वखारीसमोर घराच्या अंगणातच उभा राहिला. आतून कोणी वाटी आणली नाही. तो परत गेला. मी खुंटीवरून ते पाहिले आणि मला आनंद झाला. होय, आनंदच झाला. माझ्या आडोशाला त्याने खोटेपणा केला होता. मला सूड हवा होता. पुढे पाच वर्षे मी तो घडीसारखा जपला. उलगडला नाही, की उन्हात घातला नाही.

त्या वर्षांत कमालभाई माझी फार काळजी घेऊ लागले, असे मला वाटे. पूर्वी ते चहाचे तापलेले पातेले माझ्यात धरून उतरवीत. आता ते नुसत्या हाताने उतरवीत. लोक कौतुकाने पाहत. मला वाटे, ते माझा मान राखतात.

२००३च्या दिवाळीनंतर त्यांची मुलगी इशरत म्हणाली, "अब्बा, आपण वेबसाइट करू. गिऱ्हाइकं आपल्याकडेच मागणी नोंदवतील. मध्ये दलाल नको."

"ती जगात कुठंही दिसंल?"

"कुठंही."

"दुबईत?"

"दुबईतही."

"मग पहिल्या पानावर घाल: भागोजी चोर हाय. मोठ्या अक्षरांत."

इशरतने कपाळाला हात लावला. मी मात्र खुंटीवर थरथरलो. माझा सूड साऱ्या जगाला वाचता येणार होता!

वेबसाइट करणाऱ्यांकडून भाव मागवायचे ठरले. भाव म्हटल्यावर कमालभाईंनी मला खुंटीवरून काढले.

प्रथम एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेचा अक्रम आला. माझ्याखाली हात घालताना त्याला हसू आवरेना. एक बोट म्हणजे एक हजार, असे ठरले. त्याने बोटे दाबली, कमालभाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो भाव छापून घेऊन आला, त्यावर पाच हजार होते.

"एका रातीत दोन बोटं वाढली काय रे तुला? तीन दाबलीस तू!"

"चाचा, अख्खा पंजा धरला होता मी."

"दुसरा भागोजी! चल, नीघ."

मीही मनातल्या मनात त्याचे नाव भागोजीशेजारी टाकले.

मग चिपळूणहून राजश्री नावाची मुलगी आली. कमालभाईंची पंचाईत झाली. परक्या मुलीचा हात धरायचा कसा? पण तोंडाने भाव बोलणेही त्यांना मंजूर नव्हते. अखेर इशरत मध्ये बसली. एका हाताने तिने राजश्रीचा हात घेतला, दुसऱ्याने वडिलांचा, आणि मी तिघांवर पसरलो.

"माझं लग्न लावताय की वेबसाइट करताय, काका?" राजश्री म्हणाली.

तिने इशरतची चार बोटे दाबली. इशरतने वडिलांची चार बोटे दाबली. कमालभाई खुशीत आले. "ठरलं!"

"किती ते तुम्हीच सांगा. मी लिहून घेते."

"दोन हजार."

राजश्रीने इशरतकडे पाहिले. इशरतने हात सोडला नव्हता. तिने पुन्हा चार बोटे दाबली, या वेळी नखे रुतेपर्यंत. "आता किती, अब्बा?"

"दोनच की गो."

तिने मला बाजूला केले. वडिलांच्या बोटांवर पातेल्याने भाजल्याचे जुने, काळपट डाग होते. एक ताजा फोडही होता. तो कधी आला, हे कमालभाईंना माहीत नव्हते.

"साखर तपासली नाही ना तुम्ही?" इशरत म्हणाली. "साखरेनं बोटं बधिर झालीत, हाताला काही कळतच नाही तुमच्या. घ्यायचं असलं की कमी वाटतं, विकायचं असलं की जास्त."

कमालभाई आपल्या हाताकडे पाहत राहिले. मुलीला चोर म्हणणे त्यांना शक्य नव्हते.

राजश्रीने हळूच विचारले, "काका, पहिल्या पानावर घालायचं म्हणून इशरतनं सांगितलेलं ते नाव..."

कमालभाईंनी मला उचलून पुन्हा खुंटीवर टांगले.

मित्रांनो, घरातले माणूस तापलेले भांडे न कळवळता उचलू लागले, तर त्याचे कौतुक करू नका. त्याचा हात उजेडात धरून पाहा. मी ते केले नाही. मी कापड आहे. बोटांच्या इतक्या जवळ दुसरे कोणीच नव्हते. तरी मी मालकाचीच मोजणी खरी मानली, कारण तिच्यात माझा सूड होता.

भागोजीने दोनच बोटे दाबली होती.