उबेनं उमलणारं भिंग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यांसाठी थेंब विकणाऱ्या भिंगबाबानं बर्फाच्या डबीतून इवलीशी गुंडाळी काढून तळहातावर ठेवली. ती हलली, हळूहळू उलगडली आणि तिचं वाटाण्याएवढं पारदर्शक भिंग झालं.

"बघा, जीव आहे यात! दवाखान्यातलं म्हणजे मेलेलं प्लॅस्टिक. माझे थेंब घाला, असंच भिंग डोळ्यात उगवेल. मात्र मोतीबिंदू पिकू द्या. कच्चा काढलात तर भिंग रुसतं!"

"पिकल्यावर सडतंही हो," मागून फळवाला बोलला. लोकांनी त्याला दटावून खाली बसवलं.

माझी हयात थापा मारण्यात गेली. दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते. पण रुसणारं भिंग! मी मनातल्या मनात कसबाला दाद देत बसलो. सोबत आलेल्या, आमच्या शेजारच्या वहिनीला काही बोललो नाही.

वहिनी शिवणकाम करायची. डावा डोळा लहानपणीच गेलेला. घर उजव्यावर चालायचं, आणि आता त्यातच मोतीबिंदू आला होता. वर्षभर तिनं थेंब घातले. "भावजी, पिकतोय हो," हौसेनं सांगायची. मग डोळा लालभडक झाला, डोकं ठणकू लागलं. बाबा म्हणाला, "भिंग रुजतंय, कळ सोसा." तिनं आठवडाभर सोसली.

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई संतापल्या. "पिकू कुणी दिला? अतिपिकून पाझरला, डोळ्यातला दाब वाढला, नस मेली. आता कुठलंही भिंग बसवा, दिसणार नाही."

"पण त्यांचं जिवंत होतं हो. माझ्यादेखत उमललं."

बाईंनी गार पाण्यातलं दुमडलेलं भिंग कोमट पाण्याच्या वाटीत सोडलं. उमललं. वहिनीला ते मला सांगावं लागलं.

"कडक प्लॅस्टिकचं भिंग दुमडत नाही, म्हणून छेद मोठा लागतो. सिलिकोनचं झटक्यात उघडतं. हे ॲक्रिलिक, गारठ्यात आखडतं, उबेनं सैल होतं. तळहाताची ऊबसुद्धा पुरते. वेळेवर बसवलं तर तिन्हींनी दिसतं. जीव एकातही नाही."

दारातल्या दोघातिघांनी वाटीलाच हात जोडले.

वहिनीनं चाचपडत माझी बाही धरली. "भावजी, बाबाची थाप तुम्हाला तेव्हाच कळली होती?"

"हो."

तिनं बाही सोडली.

म्हणून सांगतो, खोटं ओळखलंत तर तिथंच, मोठ्यानं बोला. आणि धूसर दिसू लागलं की डॉक्टरांना गाठा. पिकायची वाट बघू नका. डोळा म्हणजे झाडावरचं फळ नव्हे.