कुणाशी सोयरीक न करणारी हवा

माझा डावा हात असा चुरगळलेला कावून, म्हणून कापसातली सरकी काढायच्या आमच्या जिनिंगात आलेल्या नव्या बाया इचारतात. कंदिलानं, मी सांगते. परसाल ह्याच तेलगावच्या जिनिंगात वरचा कंदील निसटला, खालच्या रुईनं पेट घेतला, आन् यंत्रावर उभी मी मधी सापडले. यंदा त्याच यंत्रावर माझी लेक केशर उभी राहणार होती. त्यामुळं इंजनवाल्या शफीभाईनं हैदराबादेहून बिजलीचे बल्ब आणले, तवा माझा जीव भांड्यात पडला.

पण आमचे मालक सुंदरराव! कारकुनानं खोक्यावरचं वाचलं, 'गॅस भरलेला बल्ब', आन् मालक भडकलेच.

"कापसात गॅस आणतो बे? माझी जिनिंग उडवायची हाय का तुला?"

शफीभाई काय दबणारा गडी न्हाई. "मालक, ह्यात आर्गॉन हाय. पेटतो तो हायड्रोजन. पेटवतो तो ऑक्सिजन, लई भांडखोर. लोखंडाला भिडला की गंज, ठिणगी पडल्या रुईला भिडला की आग. आर्गॉन मात्र कुणाशीच सोयरीक करत न्हाई. हेलियम, निऑन ही त्याची भावकीबी तशीच. आपल्या हवेत शंभरात एक वाटा तोच हाय. रोज छातीत ओढता, काय झालं का?"

"गप्पा नगं. दाखव."

शफीभाईनं अंगणात, रुईपासून लांब, दोन बल्ब लावले. एकाच्या काचेला कानशीनं बारीक भोक पाडलं, म्हणजे आपली हवा आत शिरंल. दुसरा हाय तसा ठेवला. इंजन सुरू करून बटन दाबलं. भोकाचा बल्ब एकदाच लखलखला, आत पांढरा धूर झाला, तार खलास! दुसरा आपला ऐटीत जळत राहिला.

"बघा मालक, तार दोन्हीत एकच. जळली ती आपल्या हवेत. गॅसात हाय ती शाबूत."

"आन् फुटला तर?"

"त्यासाठी वरून लोखंडी जाळी. तीबी आणलीय."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "बघू पुढच्या साली. यंदा कंदीलच राहू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात यंत्राच्या पूजेचं ताट आलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी मालक सोता यंत्राला ओवाळतात. जळतं निरांजन घेऊन ते आत रुईच्या ढिगांकडं निघाले, तशी मी दारातच आडवी उभी राहिले.

"तुळजाबाई, बाजूला व्हा."

"न्हाई होत. जो गॅस पेटत न्हाई, त्याला तुमी भेता. आन् उघडी वात घेऊन रुईत शिरता? हे बघा." मी बाही वर सारली, हात त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "ह्यो तुमच्या कंदिलाचा. आता तिथं माझी केशर उभी राहणार हाय."

मालक हाताकडं बघत राहिले. मग खाली वाकले, निरांजन उंबऱ्याबाहेर ठेवलं आन् तिथूनच यंत्राला हात जोडले.

"शफी," ते म्हणाले, "सगळे कंदील उतरव."

मी लेकीला हाक मारली. "केशर, पदर खोच. चल यंत्रावर."