बिनहाताची खुर्ची

मी एक जुनी, बिनहाताची खुर्ची आहे. हसू नका, मित्रांनो. झोम्बा डोंगरावरच्या म्बावा वृक्षाच्या लाकडातून सुताराने मला घडवले, तेव्हाच करकचेरीचा हुकूम होता : कारकुनाच्या खुर्चीला हात नकोत. हाताची खुर्ची अधिकाऱ्याची. बढती मिळाली की आधी खुर्ची बदलते, पगार मागाहून वाढतो.

माझ्यावर एलुबी म्बेवे नावाच्या कारकूनबाई बसत; सारे त्यांना आदराने मायी म्हणत. एकवीस वर्षे. तांदळातले खडे वेचावेत तशा त्या दुकानदारांच्या करपत्रकांतल्या चुका वेचत. सोमवारी कामाआधी कचेरीत प्रार्थना होई. मायी माझ्यामागे उभ्या राहून उपदेश गाऊन सांगत, सारे जण ध्रुपद धरत, आणि मायींची बोटे माझ्या पाठीवर ठेका देत. काय सांगू, लाकडात देव उतरल्यासारखे वाटे!

त्यांच्या हाताखाली शिकलेले एकेक जण वर गेले. त्यांचाच चेला दालित्सो अधिकारी झाला आणि निघताना म्हणाला, "मायी, तुमच्या खुर्चीला हात कधी फुटणार?"

"आधी पालवी फुटेल रे तिला," मायी हसून म्हणाल्या. तो गेल्यावर मात्र त्यांनी पुढचे करपत्रक ओढले. त्या दिवशी त्यांचे वजन मला जास्त जाणवले.

मग नवा नियम आला. आठ वर्षे एकाच जागी काढलेल्याचे नाव बढतीसाठी पुढे जाणार होते, पण साहेबांच्या शेऱ्यासह. शिवाय, साहेब दरवर्षी लाखबंद पाकिटातून जो शेरा वर पाठवत, तो ज्याचा त्याला वाचायला मिळणार होता. मायींनी आपली फाइल उघडली. एकवीस कागद, आणि प्रत्येकावर तेच : "उत्तम काम. यांच्यावाचून हे टेबल चालणार नाही. यांना येथून हलवू नये." आधीच्या साहेबांनी लिहिलेला शेरा आताच्या बांबो लिकोंगवे साहेबांनी चौदा वर्षे जसाच्या तसा उतरवला होता.

त्या सोमवारी मायी गायल्या नाहीत. साहेब स्वतः टेबलापाशी आले.

"मायी, बरं नाही का?"

"ब्वाना, यंदा माझं थोडं वाईट लिहा."

"वाईट? अहो, चौदा वर्षं तुमची स्तुतीच करतोय मी!"

"त्या स्तुतीनंच जखडून ठेवलंय मला. दोन वर्षांनी निवृत्त होईन. आई विचारते, मुली, तुमच्या कचेरीला जिना नाही का गं?"

मायींनी कागद पुढे केले. साहेबांनी वाचले, चष्मा काढला. "आधीच्या साहेबांचा शेरा मोडू नये, असं वाटलं. आणि खरं सांगू? तुम्ही गेलात तर माझं कसं होईल, ही भीती होती."

"मग तसं लिहायचं होतं ना. टेबलाचं नाव कशाला पुढे केलंत?"

साहेबांनी तिथेच उभ्याने लिहिले : "यांना आम्ही आमच्या सोयीसाठी अडवून ठेवले. वरच्या जागेसाठी त्या केव्हाच्याच योग्य आहेत."

मित्रांनो, आता माझे पाप सांगते. तो कागद मुख्य कचेरीत गेला, तेव्हा उत्तर येऊ नये, असे मी देवाकडे मागत होते. साहेबांचा जुना शेरा माझ्याही मनात होता. मला लिहिता येत नव्हते, एवढेच.

देवाने माझे ऐकले नाही, हे त्याचे उपकार. मायींना म्झुझू शहरातल्या कचेरीत अधिकारी नेमले. पत्र वाचून त्या रडल्या, मग टाळ्या वाजवत गायल्या, साहेबही ताल धरून डोलले. जाताना मायींनी कमरेला गुंडाळलेल्या आपल्या चितेंजेच्या पदराने मला पुसले.

आता मी खिडकीपाशी असते. माझ्यावर माणसे बसत नाहीत, जुन्या फायली बसतात. एकटे वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, कुणी तुमचे काम मन लावून करत असेल, तर त्याला नुसते चांगले म्हणू नका. त्याची वाटही मोकळी करा.

आणि एक सांगायचे राहिले. माझा मागचा पाय पहिल्यापासून डुगडुगतो. मायी एकवीस वर्षे तोल सांभाळून बसत, म्हणून कुणाला कळले नाही. जमले तर एक खिळा मारा. अजून कुणी बसले, तर मी धरेन त्याला.